वाळत घातलेली मंगलाष्टकं

आमच्या मागल्या खोलीत ती राहायला आली तेव्हा तिच्या सामानात एक बाजाची पेटी, एक ट्रंक, एक घोंगडं आणि एक लांबलचक दोरी होती. बाकी म्हणाल तर काही नाही. आईनं दारातूनच विचारलं, "अहो, भांडीकुंडी मागनं येणार का?"

"भांडी ट्रंकंत हायत," ती म्हणाली. "आधी दोरी बांधायची. खिळा हाय का वो?"

आईला वाटलं, बाई स्वच्छतेची दिसते, आल्या आल्या धुणं काढणार. संध्याकाळी बघतो तर काय, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी आणि दोरीला लाकडी चिमट्यांनी लटकावलेले कागद. एका टोकाला कुणाच्या तरी लग्नाची मंगलाष्टकं, शेजारी बारशाचा पाळणा, पलीकडं निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांचं मानपत्र, मग एका साबणवाल्याची जाहिरात, आणि सगळ्यात शेवटी अर्थशास्त्राच्या पुस्तकाची सुटी झालेली पानं. मध्येच एक परकर. तो मात्र खरंच वाळत घातलेला होता.

साताऱ्यात तेव्हा लिहून पोट भरणारी बाई म्हणजे नवलच. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. बायका फार तर शाळेत शिकवायच्या, नाहीतर नर्स व्हायच्या. ही वडूजकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मॅट्रिक कशीबशी झाली आणि भावाच्या पाया पडून साताऱ्याला आली, बी.ए. करायला, तेही बाहेरून. दिवसा कुणी मंगलाष्टकं मागायचं, कुणी डोहाळ्याची गाणी, कुणी दुकानाच्या उद्घाटनाचं भाषण. जो येईल त्याला ती हो म्हणायची. आमच्या गल्लीनं तिचं नावच पाडलं, लिहिणाऱ्या आक्का. मला तिला अहो-जाहो करायचं होतं, पण तिनंच करू दिलं नाही. म्हणाली, "आहो म्हणाया लागलीस की मला उगंच शहाण्यावानी बसावं लागतं."

तिची कामाची पद्धत अशी की एकही काम ती बसून पुरं करायची नाही. पाणी आणायला निघाली की जाता जाता पाळण्यात एक शब्द घालायची. येताना कळशी कमरेवर तशीच, आणि मानपत्रातला एक शब्द खोडायची. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कचेरीत कारकून होते. एक फाईल संपल्याशिवाय दुसरीला हात न लावणारे. त्यांना हे बघवेना. एकदा म्हणाले, "बाई, तुमचं प्रत्येक काम म्हणजे भिजत घोंगडं."

तिनं दोरीकडं बोट केलं. "आबा, नीट बघा. लोकांची भिजत असत्यात. माझी वाळत हायत."

आबांनी मग तिला गजराचं घड्याळ आणून दिलं. वेळापत्रक करा, अमुक वेळ अभ्यासाला, अमुक वेळ लिखाणाला, असं पितळी आवाजात समजावलं. तिनं मान डोलावली, घड्याळ घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ते घोंगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. का, तर ते मध्येच बोलतं. औद्योगिक वसाहतीचा भोंगा झाला की ती भाकऱ्या थापायची, समोरच्या पेन्शनर सुभेदारांनी अंगणात खाकरायला सुरुवात केली की उठायची, तेवढं तिला पुरायचं.

आणि छंद म्हणाल तर पेटी आणि कुस्त्या. हो, कुस्त्या. जत्रेच्या फडात पुरुषांच्या गर्दीत ही डोक्यावरचा पदर दातांत धरून बसायची आणि ऐन वेळी पदर सोडून ओरडायची, "ढाक लाव रं, बघतोस काय तोंडाकडं." जिंकणाऱ्या पैलवानाचं मानपत्र बहुतेक वेळा तीच लिहायची, आणि वेळ वाचावा म्हणून कुस्ती व्हायच्या आधीच लिहून ठेवायची. नावाची जागा कोरी. वृत्तात तीनच अक्षरांची जागा असायची, म्हणून फडात बसून देवाला म्हणायची, "कुणाला बी जिंकव, पण नाव तीन अक्षरी असू दे." एकदा पाच अक्षरी पैलवान जिंकला. आक्कानं त्याला बाजूला घेऊन विचारलं, घरात तुला लाडानं काय म्हणत्यात? त्या वर्षी सोन्याच्या कड्यासोबत भल्यामोठ्या पैलवानाला 'छबुला' असं मानपत्र मिळालं. तो म्हणे खूश होता.

तर आता अर्थशास्त्राचं सांगते. बी.ए.चे बाकी सगळे विषय निघाले, हा एकच राहिला. पहिल्यांदा नापास झाली कारण परीक्षेच्या आधी जत्रा होती. दुसऱ्यांदा एका हेडमास्तरांनी निवृत्ती अलीकडं घेतली आणि मानपत्र दोरीवरून लवकर उतरवावं लागलं. वडूजहून तिचा थोरला भाऊ यायचा, खांद्यावर घोंगडं, हातात बाजरीच्या पिठाचं गाठोडं. माणूस वाईट नव्हता हो. पण दोरीकडं बघून त्याचं तोंड कडू व्हायचं. दुसऱ्या निकालानंतर तो उंबऱ्यावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "लोक मला इचारत्यात, भईण सातारला काय करती. मी काय सांगू? कागद वाळवती? आता ह्या येळंला झालीस तर ऱ्हा. न्हाई झालीस तर दोरी सोडायची अन् गावाकडं यायचं. मेंढरं बांधायला दोरी कामाला यील."

तो गेल्यावर आक्का दोरीला धरून उभी राहिली. मग पेटी ओढली.

त्या दिवशी तिला ते सुचलं. पेटी वाजवताना एक हात भात्यावर, एक हात पट्ट्यांवर, "पर तोंड रिकामंच असतंय न्हवं?" बोटांना सवय मंगलाष्टकांच्या चालीची. मग अर्थशास्त्रच मंगलाष्टकात घालायचं. पेटीही झाली, अभ्यासही झाला, लिखाणाचा हातही चालता राहिला. पहिला धडा असा झाला:

मोठ्या या गरजा जनांस असती, थोडी धने जीवनी
कोणाला पुरवू, कुणास चुकवू, चिंता हि राही मनी
कुर्यात् सदा मंगलम्, शुभमंगल सावधान

मग काय, आमच्या घरात रोज लग्न. सकाळी लग्न, संध्याकाळी लग्न. भाजीवाली विचारायची, "कुणाचं गं?" मी म्हणायची, "लोकसंख्येचं."

याच दिवसांत मला बघायला कराडहून पाहुणे आले. ऊसवाले, चांगलं घर. पुढच्या खोलीत फेटेवाले सासरे, म्हणजे पुढं झालेले, आणि त्यांचा मुलगा. मी पोह्यांचं ताट घेऊन दारात येते न येते तोच मागल्या खोलीतून खणखणीत आवाज, "शुभमंगल सावधान."

सासऱ्यांनी पोह्यात घातलेला चमचा तिथंच थांबवला. "आवं, आमी अजून पोरगी बघितली न्हाई," ते आबांना म्हणाले, "अन् तुमी लगीन लावाया बी लागलासा?"

आबांनी घाईनं चहा पुढं केला. "त्या आमच्या भाडेकरू आहेत. अभ्यास करतायत."

"कशाचा?"

"अर्थशास्त्राचा."

सासरे उठले ते कपबशी घेऊन थेट मागल्या खोलीत. आक्कानं वाजवणं थांबवलं नाही. भुवईनंच त्यांना ट्रंक दाखवली, ते ट्रंकेवर बसले. आबा, आई त्यांच्या मागोमाग गेले, आणि पुढच्या खोलीत राहिलो आम्ही दोघंच, मी आणि तो मुलगा. तेव्हा असा एकांत म्हणजे केवढी गोष्ट. त्यानं खाली बघत विचारलं, "रोज असंच असतं का?"

मी म्हटलं, "नाही. आज गरजा आहेत. काल व्यापारचक्र होतं."

तो इतका हसला की चहा पँटीवर सांडला. आमचं तिथंच जमलं. आतून सासरे म्हणत होते, "परत म्हणा ते, भावाचं." आणि आक्का म्हणत होती:

भावाची चढती कमान दिसता, मागे सरे मागणी
भावाची उतरे कमान, मग ती दारी उभी पाहुणी

"आता गुळाच्या बाजारात माझं हेच झालं की," सासरे म्हणाले. जाताना त्यांनी आबांना एकच अट घातली. हुंडा नको, मानपान नको, मंगलाष्टकं मात्र ह्या बाईंनीच लिहायची आणि यांनीच म्हणायची.

मुहूर्त निघाला तो आक्काच्या पेपरच्या आदल्या दिवशीचा. तिचा नंबर सांगलीला लागला होता, लग्न कराडला. आईनं तिला हात जोडून सांगितलं, तुम्ही नका येऊ, लिहून द्या, कुणीही म्हणेल. आक्का म्हणाली, "वहिनी, कराड सांगलीच्या वाटंवरच हाय. उतरायचं, म्हणायचं, पुढल्या यष्टीत बसायचं. वाट वाकडी कुठं हुतीय?" बाईमाणसानं एकटीनं परगावी राहू नये म्हणून भाऊ सोबतीला येणार होता.

लग्नाच्या सकाळी मी मुंडावळ्या बांधून बसले होते. आक्का आली, माझ्या शेजारी टेकली. तिचा चेहरा उतरलेला. कानात म्हणाली, "पोरी, डोकं सारवल्यावानी झालंय गं. एक बी धडा आठवंना. यष्टीत पुस्तक उघडलं तर सगळी अक्षरं मुंग्यांवानी." आणि लांब बसलेल्या भावाकडं बघून म्हणाली, "त्यानं दोरीचं माप बी घिऊन ठेवलंय."

मी तिचा हात धरला. तेवढ्यात मुलीला आणा, मुलीला आणा सुरू झालं.

आता आमच्यात नवरीच्या पाठीशी मामा लागतो. माझा मामा फौजेत, रजा काढून येणार होता. त्याची गाडी सकाळी कराड स्टेशनात येणार, आणि स्टेशन गावापासून लांब. सगळे दाराकडं डोळे लावून होते. कुणीतरी ओरडलं, "मामा आलं." खरंच, दारात हिरवट कोट दिसला, खांद्यावर पट्ट्या, ताठ चाल. भटजींनी घाईघाईनं अंतरपाट धरायला लावला. माझ्या पाठीमागं कोट येऊन उभा राहिला, मला धीर आला. भटजींनी त्यांची मंगलाष्टकं म्हटली, आक्कानं पेटीवर माझ्यासाठी लिहिलेली म्हटली. शेवटच्या कडव्यात पाठीमागून कुणीतरी माझ्या कानात हळूच विचारलं, "ताई, आता वाजवू का?"

मी मान वळवली. बँडवाला. आमच्याकडं बँडवाले मिलिटरीचे जुने कोट बाजारातून घ्यायचे आणि त्यांना सोनेरी गोंडे लावायचे. काखेत त्याची क्लॅरिनेट होती.

मांडवात नुसता गलका. "मामाबिगर लगीन लावायचं न्हाई," सासऱ्यांनी सांगून टाकलं आणि दिराला जीप घेऊन स्टेशनकडं पिटाळलं. "मग अंतरपाट खाली घ्या," कुणी म्हणालं. भटजी कळवळले. "एकदा धरलेला अंतरपाट लग्न लागल्याशिवाय खाली घ्यायचा नसतो, अपशकुन होतो. मुहूर्ताला वेळ आहे अजून. मंगलाष्टकं चालू ठेवा." पण त्यांचा स्वतःचा घसा बसलेला, सकाळपासून तिथी दाट. त्यांनी आक्काकडं बघितलं. "बाई, अजून आहे का काही?"

आक्का म्हणाली, "हाय. पर लग्नाचं न्हाई."

"ते गरजांचं म्हणा की," सासरे म्हणाले. "चाल तीच हाय. कोण बघतंय?"

आक्कानं पेटीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मला अंतरपाटामागून तिची बोटं तेवढी दिसत होती. पहिला सूर चुकला. मग "मोठ्या या गरजा" निघालं, अडखळत. "सावधान" आलं आणि लोकांनी सवयीनं अक्षता टाकल्या. ते टप्प टप्प ऐकून तिच्या आवाजात काय शिरलं कोण जाणे. मागणी आली. पुरवठा आला. व्यापारचक्र आलं, ते फिरलंसुद्धा. प्रत्येक "सावधान"ला अक्षतांचा मारा, आमच्या दोघांच्या डोक्यावर तांदळाची रास. अक्षता संपल्या तशी आचाऱ्यानं कोठीतून कोरे तांदूळ आणून वाटले. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात लटपटायला लागले, मग दुसरे दोघे आले. आणि मग आला घटत्या उपयोगितेचा सिद्धांत:

लाडू तो पहिला मुखात विरता, वाटे सुधा ही खरी
लाडू तो पुढचा, तयाहुन पुढे, गोडी घटे अंतरी

मांडव भुकेजलेला. लाडू म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडं वळल्या. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "खरं हाय बया. तिसऱ्या लाडवाला मला बी तसंच हुतंय."

तेवढ्यात मामा आला. खरा. खांद्यावर ट्रंक, धापा टाकत, थेट माझ्या पाठीशी. भटजींनी सुटकेचा श्वास टाकला आणि आक्काला खूण केली, पुरे. पण तिचे डोळे मिटलेले. ती लोकसंख्येत होती. "अहो, थांबवा त्यांना कुणीतरी," भटजी म्हणाले.

रोज ऐकून ऐकून मला धडे पाठ होते. लोकसंख्येनंतर एकच उरतो, परराष्ट्रीय व्यापार. मी मुंडावळ्या बाजूला केल्या आणि नवरीनं तोंड उघडू नये ते उघडलं. "थांबवू नका. एकच धडा राहिलाय."

आईनं कपाळाला हात लावला. अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला, "मलाही ऐकायचाय." आमच्या संसारातलं हे त्यांचं पहिलं वाक्य. भटजींनी घड्याळ बघितलं आणि हात जोडले. "मग दुगणीत घ्या, बाई."

परराष्ट्रीय व्यापार आक्कानं असा पळवला की आयात कुठली आणि निर्यात कुठली ते कळेना. पण एक शब्द सुटला नाही. शेवटचं "सावधान" नेमकं मुहूर्तावर पडलं, बँडवाल्यानं एकदाची क्लॅरिनेट तोंडाला लावली, आणि मी बघितलं, मांडवाच्या कडेला तिचा भाऊ उभा होता. हातातल्या अक्षता टाकायच्या राहिलेल्या. बहिणीकडं असा बघत होता जसं काही कळपातलं मेंढरू बोललं.

आक्का जेवायला थांबली नाही. पदराला लाडवांची पुडी बांधून भावाबरोबर यष्टीला पळाली.

पुढचं तिनंच मला सांगितलं. परीक्षेच्या हॉलमध्ये ती प्रश्न वाचायची, ओठात कडवं म्हणायची आणि मग साध्या भाषेत लिहून काढायची. पर्यवेक्षक दोनदा येऊन गेले, "बाई, गुणगुणू नका." एक उत्तर संपलं की तिचा उजवा हात आपोआप वर जायचा, अक्षता टाकायला. त्यांना वाटायचं पुरवणी मागतेय. ते आणून द्यायचे.

आषाढात मी माहेरी आले, आणि त्याच दिवशी निकाल लागायचा होता. मागल्या खोलीत जाऊन बघते तर भाऊ आधीच आलेला. त्याला वर्तमानपत्रातला निकाल वाचता येत नव्हता, पण शेतीची कामं तोंडावर होती आणि नापास झालीच तर तिला न्यायला दुसरी खेप नको म्हणून त्यानं आवराआवर सुरू केली होती. कागद उतरवून गठ्ठा केलेला, दोरी सोडून गुंडाळी करून खांद्याला अडकवलेली. आक्का कोऱ्या भिंतींच्या मध्ये पेटीवर हात ठेवून बसली होती. वाजवत नव्हती. त्या खोलीत मी तिचं तोंड रिकामं पहिल्यांदाच बघितलं.

आबा कचेरीतून भर दुपारी आले. आबा, जे पाच वाजल्याशिवाय खुर्ची सोडायचे नाहीत. हातात पेपर, चप्पल एकाच पायात. "आहे," एवढंच म्हणाले. "नंबर आहे." मग ओरडले, "नंबर आहे हो."

आई रडायला लागली, मी आक्काच्या गळ्यात पडले, समोरच्या सुभेदारांनी अवेळी खाकरून घेतलं. भाऊ मात्र तसाच उभा. त्यानं आबांना दोनदा विचारलं, "हीच का? आमचीच?" मग खांद्यावरची गुंडाळी काढली, सोडली आणि एक टोक खिळ्याला लावलं. दुसऱ्या भिंतीला गुडघा टेकवून दोरी अशी ताणली, जसं काही कोकरू बांधायचंय. गठ्ठ्यातला एकेक कागद उचलायचा, उलटसुलट बघायचा आणि चिमटा लावायचा. मानपत्र उलटं लागलं, पाळणा आडवा. कुणी सांगितलं नाही.

"दादा," आक्का म्हणाली, "गाठ पक्की हाय न्हवं?"

त्यानं गाठ एकदा ओढून बघितली. "मेंढक्याची हाय," म्हणाला. "तुजं यम्मे व्हईस्तवर सुटत न्हाई."